पैसे कापताय, तर कागदही द्या

प्रति,
गाडी भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचे नुकसान-वसुली विभाग
आणि एक्सेस विमा विकणाऱ्या कंपन्यांचे दावा विभाग

विषय : नुकसानीपोटी कार्डावरून कापलेली रक्कम विम्यातून परत मिळवताना अडणारे कागद

महोदय / महोदया,

भाड्याची गाडी परत केल्यावर नुकसानीचे पैसे ग्राहकाच्या कार्डावरून कापायला भाडे कंपनीला क्षणही लागत नाही, कारण कार्डाचा नंबर तिच्याकडे आधीच असतो. तेच पैसे एक्सेस विम्यातून, म्हणजे अशा कापलेल्या रकमेसाठी वेगळ्या घेतलेल्या विम्यातून, परत मिळवायचे तर ग्राहकाला सात-आठ कागद गोळा करावे लागतात. त्यांतले जेमतेम निम्मे त्याच्या हाताशी असतात: विम्याचं प्रमाणपत्र, वाहन परवाना, कार्डाचं स्टेटमेंट आणि जपून ठेवला असेल तर भाडेकरार. बाकीचे सगळे भाडे कंपनीच्या संगणकात असतात. विमा कंपनी ते ग्राहकाकडे मागते, ग्राहक भाडे कंपनीकडे मागतो, भाडे कंपनी उत्तरच देत नाही किंवा अर्धंमुर्धं देते, आणि दावा ‘कागदपत्रं अपूर्ण’ या शेऱ्याखाली पडून राहतो. तो फेटाळलाही जात नाही आणि मंजूरही होत नाही. फेटाळला तर निदान तक्रार तरी करता येते. पडून राहिलेल्या दाव्याचं काय करायचं ते कोणी सांगत नाही.

आम्ही अशा दाव्यांचे कागद जुळवून देतो. आपण दोघे एकमेकांशी कधी बोलत नाही, म्हणून एकाच पत्रात दोघांनाही लिहितो आहोत. भाडे कंपन्यांना सांगणं असं की ज्या दिवशी पैसे कापाल त्याच दिवशी, त्याच ईमेलला जोडून सगळे कागद द्या. विमा कंपन्यांना सांगणं असं की भाडे कंपनी एखादा कागद देतच नसेल तर त्याऐवजी काय चालेल, ते पॉलिसीतच लिहा.

पत्र खुलं आहे, तेव्हा नवख्या वाचकासाठी आधी थोडं. युरोप, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथे गाडीच्या भाड्यात सहसा ‘कोलिजन डॅमेज वेव्हर’ किंवा तसंच काहीतरी धरलेलं असतं. नुकसान कितीही झालं तरी ठरावीक रकमेच्या वर ग्राहकाकडून वसुली करणार नाही, अशी ती भाडे कंपनीची हमी. ती ठरावीक रक्कम म्हणजे एक्सेस. ती काहीशे युरोंपासून दोन-तीन हजारांपर्यंत असू शकते. ती शून्यावर आणायची तर काउंटरवर रोजचे जादा पैसे भरायचे, नाहीतर आधीच बाहेरच्या विमा कंपनीकडून स्वतंत्र एक्सेस विमा घ्यायचा. दुसरा मार्ग बहुतेक वेळा बराच स्वस्त पडतो, पण त्यात पैसे आधी ग्राहकाच्या कार्डावरून जातात आणि मग विमा कंपनी ते भरून देते. काउंटरवरचा कर्मचारी ‘हा विमा आमच्याकडे चालत नाही’ म्हणतो, त्याचा खरा अर्थ एवढाच की अनामत रक्कम कार्डावर रोखून ठेवावी लागेल. विमा नाकारण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तो करार ग्राहक आणि विमा कंपनी यांच्यातला आहे. अमेरिकेत मात्र हे वेव्हर भाड्यात धरलेलं नसतं, ते वेगळं घ्यावं लागतं. ते न घेता नुसता युरोपीय धाटणीचा एक्सेस विमा घेऊन तिथे गाडी घेतली तर भरपाईला पायाच उरत नाही, कारण कराराने मर्यादित केलेली ‘एक्सेस’ अशी रक्कमच तिथे नसते.

आता भाडे कंपन्यांना. सगळ्यात जास्त दावे आपल्या बिलामुळे अडतात. ग्राहकाला मिळतो तो कागद असा असतो: वर कंपनीचं नाव, कराराचा क्रमांक, खाली एकच ओळ ‘नुकसान आकार’, समोर ७४० युरो. ही ओळ बघून विमा कंपनी काहीही ठरवू शकत नाही. दुरुस्तीचा खर्च पॉलिसी सरळ देते. कार्यालयीन शुल्काला बऱ्याचदा वेगळी मर्यादा असते. गाडी वापरात नसल्याचे पैसे काही पॉलिसी देतात, काही देत नाहीत, आणि देणाऱ्या पॉलिसीही गाडी खरोखर गॅरेजमध्ये होती का ते विचारतात. समजा त्या ७४० मध्ये ५२० दुरुस्तीचे आहेत, ६० कार्यालयीन शुल्क आहे आणि ४० प्रमाणे चार दिवसांचे १६० गाडी उभी राहिल्याचे आहेत. तीन ओळी वेगळ्या लिहिल्या तर ५२० लगेच मंजूर होऊ शकतात आणि चर्चा फक्त उरलेल्या २२० वर राहते. एकच ओळ लिहिली की सगळे ७४० अडकतात. बिलावर गाडीचा नंबर, नुकसानीची जागा (‘मागचा डावा दरवाजा, हँडलच्या खाली’ इतकी नेमकी), प्रकार आणि लांबी, सुटे भाग, मजुरी, रंगकाम, कर असं वेगवेगळं हवं. आपल्या गॅरेजच्या अंदाजपत्रकात हे सगळं असतंच. ते फक्त ग्राहकापर्यंत पोचत नाही.

एका गोष्टीबद्दल दोन्ही बाजूंनी मोकळेपणाने बोलायला हवं. बारीक ओरखडा किंवा छोटा पोचा पडलेली गाडी बहुतेक वेळा लगेच दुरुस्तीला जात नाही. भाड्यावर फिरत राहते आणि ताफ्यातून निघताना एकदम डेंटिंग-पेंटिंग होतं, किंवा तशीच कमी किमतीला विकली जाते. तोवर ग्राहकाकडून घेतलेली रक्कम ठरलेल्या दरपत्रकावरून किंवा तज्ज्ञाच्या अंदाजावरून काढलेली असते. यात मुळात गैर काही नाही. गाडीची किंमत उतरली हे नुकसानच आहे, आणि करारात तशी तरतूद असते. पण विमा कंपनी दुरुस्तीचं बिल मागते आणि असं बिल कधी तयारच झालेलं नसतं. ग्राहक महिनोन्महिने अस्तित्वात नसलेला कागद मागत बसतो. भाडे कंपन्यांनी स्पष्ट लिहून द्यावं, ‘ही रक्कम दरपत्रकानुसार आहे, दुरुस्ती अजून झालेली नाही’, आणि दरपत्रकाचं ते पान जोडावं. विमा कंपन्यांनी ते पान दुरुस्तीच्या बिलाऐवजी स्वीकारावं. मात्र दरपत्रकावर आकारणी करून वर गाडी उभी राहिल्याचेही पैसे लावणं आम्हाला अजिबात मान्य नाही. गाडी दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या ग्राहकाला दिली असेल तर ती उभी राहिली कधी?

गाडी देतानाचा आणि घेतानाचा स्थिती-अहवाल, हा दावा ज्यावर उभा राहतो तो जोडकागद. देतानाचा अहवाल बहुधा असतो: गाडीचं रेखाचित्र, त्यावर फुल्या, खाली सही. परतीचा नसतो. अंगणात टॅबलेट घेऊन उभा असलेला माणूस ‘ठीक आहे’ म्हणतो आणि ग्राहक विमान गाठायला पळतो. रात्री बंद झालेल्या काउंटरच्या पेटीत किल्ली टाकली तर तेवढंही होत नाही, आणि बऱ्याच करारांत कर्मचारी गाडी तपासेपर्यंतची जबाबदारी ग्राहकाचीच असते. मग नुकसानीचा ईमेल येतो आणि त्यात दोन जवळून काढलेले फोटो: पांढऱ्या पत्र्यावर एक रेघ. नंबरप्लेट नाही, दरवाजा कोणता ते कळत नाही, तारीख नाही. हा पुरावा होत नाही. प्रत्येक नुकसानीचे दोन फोटो हवेत, एक लांबून नंबरप्लेटसकट आणि एक जवळून मोजपट्टी लावून. शिवाय त्याच जागेचा, गाडी देतानाचा फोटो हवा. आता काही ठिकाणी गाडी कॅमेऱ्यांच्या कमानीतून नेऊन आपोआप तपासतात. ही यंत्रं माणसाच्या नजरेतून निसटणारा डागही टिपतात. पण जातानाची आणि येतानाची अशी दोन्ही चित्रं ग्राहकाला दिली तरच त्या अचूकतेला अर्थ आहे. फक्त येतानाचं चित्र पाठवणं म्हणजे अर्धाच पुरावा.

आणि पैसे कापण्याआधी कळवा. युरोपातल्या ग्राहक-संरक्षण यंत्रणांनी ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाच्या पुढाकाराने हा विषय लावून धरला, तेव्हा २०१५ मध्ये पाच मोठ्या भाडे कंपन्यांनी ग्राहकाला नुकसानीवर हरकत घ्यायची संधी आधी द्यायची आणि मगच पैसे घ्यायचे, असं मान्य केलं होतं. म्हणजे हे अशक्य नाही. करारातल्या ‘नंतर आढळलेल्या नुकसानीची रक्कम कार्डावरून घेता येईल’ या कलमाने आपल्याला अधिकार मिळतो, पण त्याच कलमाखाली ‘तपशील आणि फोटो पाठवून इतक्या दिवसांनी’ एवढं जोडायला कोणी अडवलेलं नाही.

आता विमा कंपन्यांकडे वळतो.

पॉलिसी ज्याच्या नावावर, तोच भाडेकरारात मुख्य चालक असला पाहिजे, ही अट बहुतेक ठिकाणी असते. ती ग्राहकाला कळते दावा फेटाळल्यावर. नवऱ्याने विमा घेतला, बुकिंग बायकोच्या नावाने झालं, गाडी दोघांनी चालवली. काउंटरवर ज्याचं कार्ड चाललं त्याचं नाव मुख्य चालक म्हणून पडलं. विमा विकताना पडद्यावर एकच वाक्य ठळक लिहा: भाडेकरारावर ज्याचं नाव पहिलं असेल त्याच्याच नावाने विमा घ्या. तेवढ्याने कितीतरी दावे वाचतील. आणि पैसे घरातल्या दुसऱ्या माणसाच्या कार्डावरून गेले असतील तर दोघांच्या सहीचं साधं निवेदन पुरेसं माना.

पोलीस अहवालाची अट दुसरी. पार्किंगमध्ये उभ्या गाडीवर कोणीतरी ओरखडा काढून गेलं तर अनेक देशांत पोलीस त्याची नोंदच घेत नाहीत. कोणी जखमी झालं, दुसरी गाडी गुंतली, चोरी झाली किंवा स्थानिक कायदाच सांगतो, तेव्हा अहवाल मागणं रास्त आहे. एरवी भाडे कंपनीचा घटना-अहवाल पुरेसा धरा.

मुदतीचंही तसंच. घटनेपासून ठरावीक दिवसांत कळवा, असं कलम असतं आणि भाडे कंपनीचं बिल त्यानंतर येतं. घटना कधी घडली हेच ग्राहकाला ठाऊक नसतं, कारण परतीच्या वेळी कोणी काही बोललेलंच नसतं. मुदत पैसे कापल्याच्या किंवा नुकसान कळवल्याच्या तारखेपासून मोजा.

रोखून ठेवलेली रक्कम आणि कापलेली रक्कम यांतला फरक आपण दावा-अर्जावरच समजावून सांगावा. गाडी नेताना कार्डावर रोखलेले १,५०० युरो स्टेटमेंटमध्ये ‘प्रलंबित’ दिसतात. तो खर्च नाही, त्यावर दावा होत नाही. कधी पूर्ण एक्सेस आधी कापून घेतात आणि अंतिम हिशेब झाल्यावर उरलेलं परत करतात. अशा वेळी ग्राहकाने लगेच दावा नोंदवावा, पण रक्कम अंतिम बिल आल्यावरच पक्की होईल हे त्याला सांगितलं, तर तो आठवड्याला एक फोन करणार नाही. परकीय चलनाच्या बाबतीत, स्टेटमेंटवर जी रक्कम प्रत्यक्ष गेली तीच भरून द्या. आपल्या सोयीच्या दिवसाचा दर लावून दहा-वीस कमी देणं हे काही नुकसानभरपाईचं तत्त्व नव्हे.

टायर, काचा, छप्पर, गाडीचा खालचा भाग, हरवलेली किल्ली, चुकीचं इंधन या नुकसानींना भाडे कंपनीचं वेव्हर बऱ्याचदा लागूच होत नाही. तिथे एक्सेसची मर्यादाही नसते, सगळा खर्च ग्राहकावर येतो. काही एक्सेस पॉलिसी या गोष्टी नावानिशी घेतात, काही घेत नाहीत, आणि ‘संपूर्ण संरक्षण’ अशा जाहिरातीवरून ते कळत नाही. कच्च्या रस्त्यावर गाडी नेली, करारात नाव नसलेल्याने चालवली किंवा दारू पिऊन चालवली तर वेव्हर रद्द होतं आणि पाठोपाठ एक्सेस विमाही जातो. व्हॅन, मोटारहोम, नऊपेक्षा जास्त आसनांची गाडी, ठरावीक किमतीवरची गाडी, एका वेळी ठरावीक दिवसांपेक्षा लांबलेलं भाडं या अटीही प्रमाणपत्राच्या पहिल्या पानावर छापा. गाडी ताब्यात घेतल्यानंतर काढलेला विमा बऱ्याच ठिकाणी चालत नाही, हेही तिथेच लिहा.

ज्यांच्या कार्डावरून रक्कम नुकतीच गेली आहे, त्यांच्यासाठी थोडं, म्हणजे वरच्या मागण्या मान्य होईपर्यंत त्यांचं काही अडायला नको.

गाडी घेताना आणि परत करताना दोन्ही वेळा नंबरप्लेटपासून सुरुवात करून गाडीभोवती न थांबता एक व्हिडिओ काढा. त्यात चारही रिम, छप्पर, दोन्ही बंपरच्या खालच्या कडा, काच आतूनही, शेवटी इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा येऊ द्या. ओली किंवा धुळीने माखलेली गाडी पुसून बघा. पाण्याखाली ओरखडा दिसत नाही. तळघरातल्या अंधारात गाडी मिळाली तर बाहेर उजेडात आणून फोटो काढा आणि तिथल्या तिथे काउंटरला ईमेल करा. किल्ली पेटीत टाकत असाल तर पार्किंगच्या जागेचा क्रमांक फोटोत आला पाहिजे. मूळ फाइल्स जपा. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि फाइलमधली तारीख-वेळेची नोंद निघून जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

परतीच्या वेळी नुकसान दाखवून सही मागितली तर सही कशावर करतोय ते वाचा. ‘नुकसान दिसतं’ हे मान्य करणं वेगळं आणि रक्कम मान्य करणं वेगळं. पटत नसेल तर सहीशेजारी ‘अहवाल मिळाला, नुकसान मान्य नाही’ असं लिहा आणि त्याचा फोटो घ्या. अहवालाची प्रत घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. नंतर ईमेलने मागणं म्हणजे आठवडे जाणं.

त्याच दिवशी विमा कंपनीला कळवून दाव्याचा क्रमांक घ्या, हातात एकही कागद नसला तरी. मग भाडे कंपनीला एकच ईमेल लिहा आणि त्यात सगळं मागा: करार (कागदाच्या दोन्ही बाजू), दोन्ही वेळचे स्थिती-अहवाल, घटना-अहवाल, तपशीलवार बिल, भाड्याचं अंतिम बिल, फोटो. विषयात कराराचा क्रमांक आणि गाडीचा नंबर लिहा. उत्तर आलं नाही तर त्याच ईमेलला जोडून पुन्हा विचारत राहा, नवा लिहू नका; ती साखळीच पुढे ‘कागद मागितला, मिळाला नाही’ याचा पुरावा ठरते. कार्डाच्या स्टेटमेंटवर नाव, शेवटचे चार आकडे, तारीख आणि ती एक नोंद सोडून बाकी काळं करायला हरकत नसते.

दावा-अर्जातल्या ‘काय घडलं’ या रकान्यात बरेच जण फसतात. रागाने ‘हे नुकसान मी केलंच नाही’ असं लिहिलं तर विमा कंपनी म्हणू शकते की मग आपली देणेदारीच नाही, भाडे कंपनीशी भांडा. खरं तेच लिहा, पण नेमकं: ‘परतीच्या वेळी नुकसान दाखवलं गेलं. ते कसं झालं ठाऊक नाही. करारानुसार भाडे कंपनीने माझ्याकडून रक्कम वसूल केली.’ नुकसान आधीचंच होतं याचा पक्का पुरावा, म्हणजे घेतानाचा व्हिडिओ, हातात असेल तर आधी भाडे कंपनीशीच लढा आणि विमा कंपनीला त्याची कल्पना देऊन ठेवा. बँकेकडे कार्डाची रक्कम उलटवायचा अर्ज आणि विम्याचा दावा एकाच वेळी रेटू नका. बँकेने पैसे तात्पुरते परत जमा केले की विमा कंपनीच्या दृष्टीने नुकसानच उरत नाही, आणि भाडे कंपनीने ती उलटवणी हाणून पाडली तर तोवर दाव्याची मुदत निघून गेलेली असू शकते.

चूक दुसऱ्या गाडीवाल्याची असेल तर भाडे कंपनी त्याच्या विम्याकडून वसुली करते. ती झाली की ग्राहकाचा एक्सेस परत द्यायला हवा. मधल्या काळात विमा कंपनीने ग्राहकाला भरपाई दिली असेल तर ती रक्कम विमा कंपनीला जाते, ग्राहकाच्या खिशात राहत नाही. भाडे कंपन्यांनो, अशी वसुली झाल्याचं निदान कळवत तरी चला.

विमा कंपनीने अडवून धरलं तर तक्रार ती कंपनी ज्या देशाच्या नियमनाखाली आहे तिथे जाते, गाडी घेतली त्या देशात नव्हे. ब्रिटनमध्ये लेखी तक्रारीला अंतिम उत्तर द्यायला कंपनीला ८ आठवडे असतात. उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही तर फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिस या तक्रार-निवारण संस्थेकडे जाता येतं, आणि अंतिम उत्तर मिळाल्यापासून त्यासाठी ६ महिने असतात. ऑस्ट्रेलियात हेच काम २०१८ पासून ऑस्ट्रेलियन फायनान्शियल कम्प्लेंट्स ऑथॉरिटी करते. फोनवरची तक्रार तक्रारच असते, पण लेखी द्या आणि ‘ही औपचारिक तक्रार आहे’ असं पहिल्याच ओळीत लिहा. मुदत त्या दिवसापासून मोजायला सोपी जाते.

पुन्हा आपल्याकडे. भाडे कंपन्यांकडून आम्हाला हवी आहे ती प्रत्येक आकारणीसोबत आपोआप जाणारी एक पीडीएफ: करार, दोन्ही स्थिती-अहवाल, दोन्ही वेळचे फोटो, तोडून लिहिलेलं बिल, आणि दरपत्रक वापरलं असेल तर त्याचं पान. हे कागद जोडले नसतील तर कार्डावर आकारणी होऊच नये, अशी अट आपल्याच प्रणालीत घाला. विमा कंपन्यांकडून हवं आहे ते असं की दावा आल्यावर जे जे कमी आहे ते पहिल्याच पत्रात एकदम सांगा. एक कागद दिला की पुढचा मागायचा हा प्रकार थांबवा, आणि ग्राहकाने कागद दोनदा मागूनही भाडे कंपनीने दिला नाही हे ईमेलवरून दिसत असेल तर असलेल्या पुराव्यावर निर्णय द्या. दोन्हींपैकी कोणाला हे जमण्यासारखं नसेल तर का जमणार नाही, ते आम्हाला लेखी वाचायला आवडेल.

कळावे,

दाव्यांचे कागद जुळवून देणारे आम्ही काही जण